झाकण

सलग चौथा डाव हरलो त्या रात्री
मी वॉशिंग मशीनला लाथ घातली.
ते तसंही बंदच होतं.
सोहारच्या कॅम्पातली लाँड्री, भिंतीकडचं तिसरं मशीन,
त्याच्या डोक्यावर आमचा पट.
मोतालेबने सांडलेल्या सोंगट्या गोळा केल्या,
एकेक बनियनला पुसून परत मांडल्या.

हा कँटीनची फरशी पुसणारा,
सिल्हेटकडचा, सातवीत शाळा सुटलेला.
आणि मी वेल्डिंग इन्स्पेक्टर.
पाइपातली केसाएवढी चीर फिल्मवर पकडतो,
लाल पेनाने गोल करतो, माणसं माझ्या नावाने बोटं मोडतात.
शिवाय दहावीत असताना चिपळूण तालुक्यात दुसरा आलेलो.
बक्षिसाचा स्टीलचा पेला अजून आहे,
आई त्याने साबुदाणा मोजते.
हे सगळं मी त्याला दोनदा ऐकवलं होतं.
दोन्ही वेळा तो "भालो, भालो" म्हणाला
आणि शह दिला.

काळा हत्ती एक हरवलाय.
त्याच्या जागी लबनच्या बाटलीचं निळं झाकण.
पाचव्या डावात त्या झाकणाने माझा वजीर धरला.
वजिराच्या पाठीशी राजा, बाजूला होता येईना,
झाकण मारावं तर त्याच्यावर घोड्याचा पहारा.
तेवढ्यात त्याच्या ड्यूटीची वेळ झाली.
"थाक, दादा. सुबह," म्हणत बादली उचलून गेला.
पटावर काही पांघरलं नाही, मोहऱ्यांची नोंद केली नाही.
एवढा विश्वास बघितला की डोकं जास्तच फिरतं.

रात्री दोनला उठलो, अनवाणी.
बाहेर जमिनीतून अजून दुपार वर येत होती,
बंदराच्या क्रेनवर लाल दिवे.
आधी फोनला विचारावं म्हणून पटाचा फोटो काढला.
लाँड्रीत नेट येत नाही.
हे काही माझं पुण्य नव्हे.

मग झाकण उचललं.
किती हलकं. आतून अजून आंबूस वास.
मुठीत धरून बसलो बराच वेळ,
त्याच्या पाण्याने पांढुरक्या झालेल्या बोटांवर चिडत,
पेल्यावर, साबुदाण्यावर,
तालुक्यात पहिल्या आलेल्या त्या पोरावर चिडत.
मग लाज वाटली, किंवा झोप आली,
नक्की सांगता येणार नाही.
परत ठेवायला गेलो
तर रांग आठवत होती, घर आठवेना.
तिसरं की चौथं?
ठेवलं अंदाजाने. आईशपथ, अंदाजाने.
आणि नेमकं तिथे ठेवलं
जिथे घोडा पोचत नाही.
फोटो खिशात होता.
तो उघडून पाहिला नाही.

सहाला मोतालेब आला, अंगाला फिनेलचा वास.
पटाकडे बघितलं. माझ्याकडे नाही.
"एसी का हवा," पुटपुटला,
करंगळीने झाकण एक घर मागे सरकवलं
आणि चहाचा एक कप माझ्यापुढे ठेवला.

लाँड्रीत एसी नाही.
कधीच नव्हता.

चहा पिऊन गप्प बसता आलं असतं.
साय धरली तोवर बसलोही.
मग म्हणालो, "हवा नव्हती. मी."
म्हणताना बघत होतो मशीनच्या गंजलेल्या बिजागरीकडे.
त्याने कप संपवला, तळाची साखर बोटाने चाटली.
"जानता," म्हणाला. "चाल किसका?"

माझी होती.
वजीर गेला, चहाचा डाग वाळायच्या आत मातही झाली.
कान तापले, अगदी पहिल्यासारखे.
पाय मशीनकडे निघाला होता,
तो तेवढा आवरला.

फोटो अजून पुसलेला नाही.
त्यात झाकण तिसऱ्या घरात आहे, निळं,
थोडं हललेलं,
माझाच हात कापत होता म्हणून.